ढोकणे यांच्या मते

निबंध तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा डॉ. शर्वरी गावंडेने चहाचा कप असा काही आदळला की अर्धा चहा क्षारमापकावर सांडला. पडद्यावर तेच वाक्य होतं. दावा मूळ स्रोताशी विसंगत. मोजमापात चूक संभवते. कृपया पुन्हा मोजा.

"पुन्हा मोजा म्हणे!" ती एकटीच ओरडली. "आता काय माझ्या डोक्यावरचे केस मोजू?"

अकोल्याच्या पूर्णा खोरे जलसंस्थेत ती कामाला होती. तिचं माहेर वाघोदरी, खारपाणपट्ट्यातलं. त्या पट्ट्यात विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारट म्हणजे खारटच. तेच पिऊन माणसांची मूत्रपिंडं जायची. शर्वरीचे वडील तसेच गेले. मग गावोगावी गोडवणी यंत्रं बसली. यंत्रात मीठ शोषणारी राळ असायची. एका बाजूने खारं पाणी घालायचं, दुसऱ्या बाजूने गोडं काढायचं. लोकांनी यंत्राला नारळ फोडले, आणि त्यात काही चूकही नव्हती. पण त्या राळेचे अगदी बारीक कण पाण्यात उतरत. लिटरमागे चाळीस मायक्रोग्रॅमपर्यंत राळकण सुरक्षित, असं सरकारी प्रमाण होतं. वाघोदरीच्या पाण्यात ते पस्तीसच्या आसपास, म्हणजे चाळीसच्या आतच होते, आणि वाघोदरीची पोरं बहिरी होत होती.

ऐकीव गोष्ट नव्हती ही. शाळेतल्या एकेका पोराचे कान तिने स्वतः यंत्र लावून तपासले होते. त्यातच तिच्या भावाची मुलगी होती, इरा. सात वर्षांची, तोंडाने अखंड बडबड करणारी. इराचा डावा कान गेला होता आणि उजवा अजून शाबूत होता.

"शरू, पोरीले मांगून हाक मारली तं वळतच नाही व," मंगेशदादा फोनवर म्हणाला होता. "मी तिच्यासाठी शहरातून पाण्याच्या कॅन आणू रायलो. पण सगळ्या गावानं काय कॅनच प्यायच्या?"

पाणी-प्रमाण मंडळाची सुनावणी महिन्यावर आली होती. यंत्र धोक्याचं ठरलं, तर सरकारला धरणावरून पाइपलाइन आणावीच लागणार होती. तसं ठरलं नाही, तर त्याच प्रमाणावर यंत्राला पुन्हा बारा वर्षांचा परवाना. आणि मंडळ माणसांचं ऐकत नसे. माणसं विसरतात, माणसं विकली जातात, म्हणून मंडळापुढे उभा राहायचा तो फक्त स्रोत. निबंध दाखल झाला की साक्षीयंत्र त्यातला एकेक दुवा उघडी, निबंधातलं वाक्य दुव्यावरच्या पानाशी ताडून बघी आणि मगच तो आत घेई. शर्वरीचे आकडे ज्या एका पानाशी भांडत होते, ते पान होतं डॉ. प्रफुल्ल ढोकणे यांच्या निबंधाचं. जगात जो कुणी राळेवर लिहील, तो पहिल्याच परिच्छेदात लिहिणार, "ढोकणे यांच्या मते चाळीसपर्यंत सुरक्षित." एवढ्या वजनदार पानापुढे वाघोदरीची पोरं म्हणजे मोजमापातली चूक!

ती तडक नीरज तायडेकडे गेली. नीरज संस्थेचा संदर्भपरीक्षक, तिच्याच वर्गातला. कॅन्टीनमध्ये कचोरी खात बसला होता.

"ढोकण्यांनी कोवळ्या जनावरांवर, कोकरांबिकरांवर, प्रयोग केले होते की नाही, तेवढं मला बघायचंय," ती म्हणाली. "पानावर त्याबद्दल अवाक्षर नाही. सगळं कसं गोल गोल लिहिलंय."

नीरजने तिथेच पान उघडलं, खालच्या कोपऱ्यातली बारीक खूण बघितली आणि हात पुसले. "गोल असणारच. हे मूळ पान नाही. मूळ पान मेलंय. हे संजीवकाने उठवून बसवलेलं आहे."

"म्हणजे खोटं?"

"खोटं नाही म्हणता येत. नीट ऐक. पूर्वी जालावरची पानं पटापटा मरायची. संस्था बंद पडली, कुणी भाडं भरलं नाही, पत्ता बदलला, की गेलं पान. निबंधाखाली शंभर दुवे असले तर निम्मे उघडायचेच नाहीत. मग सगळ्या पानांच्या प्रती साठवून बघितल्या, तर साठवणघरं अख्ख्या शहराची वीज आणि नदीचं पाणी प्यायला लागली. शेवटी साठवणबंदी आली. प्रती पुसल्या आणि त्यांच्या जागी संजीवक आणला. एखादं पान मेलं की जगात ज्यांनी ज्यांनी त्या पानाचा आधार घेतला, त्यांची तेवढी वाक्यं तो गोळा करतो. एवढी माणसं असं म्हणतात, त्याअर्थी पानावर हेच असणार, असा हिशेब मांडतो आणि पान नव्याने लिहून काढतो."

"साक्षीदार मेला म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं?"

"शेजारी साक्षीदाराला भेटलेले असले तर काय बिघडलं?"

"आणि भेटलेच नसले तर?"

पडद्यावर बोट फिरवून नीरजने त्या पानाचा आधार घेणारे निबंध काढले. प्रत्येक दुव्यापुढे रिवाजाप्रमाणे पान पाहिल्याची तारीख होती. ढोकण्यांचं विद्यापीठ दुसऱ्या विद्यापीठात विलीन झालं, तेव्हाच ते पान मेलं होतं आणि पुढची काही वर्षं, संजीवक येईपर्यंत, तिथे कोरी पाटी होती. नेमक्या त्याच वर्षांतल्या तारखा ढिगाने पडल्या होत्या. कोऱ्या पाटीकडे बघून माणसांनी लिहिलं होतं, ढोकणे यांच्या मते चाळीस.

"एकाने दुसऱ्याची संदर्भसूची उचलली, दुसऱ्याची तिसऱ्याने," नीरज म्हणाला. "तारीख आपली आपण टाकायची. प्रबंध लिहिताना कोण उघडून बघतं गं?"

"अरे, पण पोरं बहिरी होताहेत!"

"मला कळतंय. संजीवकाला कुठे कान आहेत?"

ढोकणे जिवंत होते. परतवाड्याला सुनेकडे राहत. ऐंशी कधीच ओलांडलेली, स्मरण कधी लख्ख तर कधी ढगाळ. त्या दिवशी शर्वरीचं नशीब बरं, म्हाताऱ्याचं डोकं लख्ख होतं.

"चाळीस? कोण गाढव म्हणते चाळीस?"

"सर, तुमचाच निबंध म्हणतो."

तिने पुढे केलेला पडदा नाकाशी धरून त्यांनी पान वाचलं. "हे माझं नाही. बाई, ही भाषाच माझी नाही. आम्ही मोठ्या मेंढ्यांना एक हंगाम चाळीसपर्यंत पाणी पाजलं. त्यांना काही झालं नाही. बस, एवढंच. शेवटी मी मुद्दाम लिहिलं होतं, कोकरं तपासलेली नाहीत, सबब माणसांसाठी कोणतीही मर्यादा सांगता येत नाही, आम्हाला ठाऊक नाही. त्या वाक्यासाठी मी संपादकाशी भांडलो होतो! माझ्या निबंधात लाखाचं वाक्य तेच होतं."

"तुमच्याकडे प्रत आहे?"

"विद्यापीठाच्या संगणकात होती. विद्यापीठच राहिलं नाही, तर प्रत कुठून राहील?"

परतीच्या वाटेवर शर्वरीला वाटलं, सुटलो. लेखक स्वतः सांगतोय, आणखी काय पाहिजे! तिने टिपण लिहिलं, ढोकणे यांनी माणसांसाठी मर्यादा दिलेली नाही. खुद्द ढोकण्यांकडून तसंच टिपण लिहून घेतलं आणि दोन्ही जालावर चढवली. आठवडा गेला, पान हललं नाही. ती पुन्हा नीरजच्या डोक्यावर जाऊन बसली.

"तुझ्या वाक्याचा आधारभार शून्य," त्याने सांगितलं. आधारभार म्हणजे पान घडवताना एखाद्या वाक्याला मिळणारं वजन. "ताज्या वाक्याला जास्त, जुन्याला कमी. ज्यांची स्वतःचीच पानं मेली, त्यांना नावापुरतं. खुद्द लेखकाने लिहिलं तर शंभर जणांइतकं."

"मग ढोकण्यांनी लिहिलंय की!"

"काय लिहिलंय? ठाऊक नाही. त्यातून पान घडवायचं कसं? 'ठाऊक नाही' हा दावाच नाही गं. शून्याला शंभराने गुण, नाहीतर हजाराने. म्हणून तर त्यांचं लाखाचं वाक्य पहिल्याच फटक्यात मेलं. ठाऊक नाही म्हणणाऱ्याचा आधार कोण घेणार?" त्याने मान हलवली. "चाळीसला हलवायचं असेल तर दुसरा आकडा आण."

तो हे सहज बोलून गेला. शर्वरीने मात्र ते घरी नेलं आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. आकडा कुठून आणायचा? जे मोजलंच नाही त्याचा आकडा सांगणं म्हणजे तिच्या धंद्यात शेण खाणं. पण इराचा उजवा कान होता, सुनावणी तोंडावर आली होती, आणि चाळीसपेक्षा खालचा कुठलाही आकडा पोरांच्या बाजूचाच होता. दुसऱ्या दिवशी तिने परतवाड्याला फोन लावला.

"सर, किती म्हणू?"

"अगं, मी मोजलंच नाही, तर सांगू काय?"

"सर, आकडा नसला तर चाळीस राहतो. मग यंत्र राहतं."

"दहा म्हण," शेवटी ते म्हणाले. "दहाच्या खाली यायला यंत्राला जड जाईल. कदाचित बंदच करतील. मी लिहून देतो, मी दहा म्हटलं होतं म्हणून. देव मला माफ करो."

शर्वरीने दोघांचीही दहाची वाक्यं जालावर चढवली आणि ओळखीपाळखीच्या संशोधकांना निरोप धाडले. पुण्याला, नागपूरला, औषधशास्त्रवाल्यांना, मृदाशास्त्रवाल्यांना. मूळ निबंधात दहा आहे, चाळीस ही पुढच्या लोकांची चूक आहे, तुमच्या येणाऱ्या लेखात तेवढं एक वाक्य घाला. सगळ्यांनी हो म्हटलं. पोरांचा प्रश्न आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? मूळ निबंध दाखव, असं मात्र एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिची पंचाईतच होती, तरी कुणीच विचारू नये याचं तिला मनापासून वाईट वाटलं. चांगली माणसं होती हो सगळी! चाळीस लिहिणारीही कदाचित अशीच चांगली असतील, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला.

सुनावणीच्या आधी एका सकाळी पान बदललं. ढोकणे यांच्या मते लिटरमागे दहापर्यंत सुरक्षित. मंडळापुढे साक्षीयंत्राने दुवा उघडला, शर्वरीचा निबंध सुसंगत ठरला आणि अध्यक्षबाईंनी गोडवणी यंत्र बंद करण्याची नोटीस काढायला घेतली. तेवढ्यात यंत्रवाल्यांचा अभियंता उठला. शांतपणे म्हणाला, राळेची दुहेरी चाळणी बसवू, सहा-सातवर आणून देऊ. स्रोत दहा म्हणतो ना? मग दहाच्या आतच राहील. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. पाइपलाइनचा विषय तिथेच मिटला आणि परवाना मिळाला.

वाघोदरीत मात्र पेढे वाटले गेले. चाळीसचे सात झाले, म्हणजे जिंकल्यासारखंच की! "आमच्या शरूनं करून दाखवलं," मंगेशदादा ज्याला त्याला सांगत सुटला. इराला उचलून त्याने यंत्राच्या नळाखाली धरलं आणि ओंजळीने पाणी पाजलं. शर्वरी तिथेच उभी होती. दादा, थांब जरा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण काय सांगणार? दहा हा आकडा आम्ही फोनवर ठरवला म्हणून? तिने पेढा तोंडात टाकला. सात म्हणजे फार थोडं, असं तिने स्वतःला सांगितलं आणि मनापासून तसं वाटूनही घेतलं. त्या दिवसापासून दादाने कॅन आणणं बंद केलं.

पुढचा उन्हाळा यायच्या आत इराचा उजवा कान गेला.

शर्वरीने पुन्हा शाळा गाठली, पुन्हा पोरांच्या कानांना यंत्र लावलं. सातवरही पोरं बहिरी होत होती. फक्त वेळ जास्त लागत होता. कोवळ्या कानांना राळेचा सुरक्षित असा आकडाच नव्हता. तिने सगळं लिहून काढलं, अगदी स्वतःच्या लबाडीसकट, आणि निबंध पाठवला. तो तासाभरात परत आला. दावा मूळ स्रोताशी विसंगत. मोजमापात चूक संभवते. स्रोताचा आधार म्हणून खुद्द लेखकाखालोखाल नाव होतं, गावंडे, श.

ती परतवाड्याला धावली. ढोकणे ओसरीवर बसले होते. सुनेने त्यांना त्यांचा निबंध छापून आणून दिला होता, तो मांडीवर होता. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"पाह्य, माझा निबंध! दहा. मी तेव्हाच सांगितलं होतं ना?"

"सर, तुम्ही मोजलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात, ठाऊक नाही."

"असं कसं? हे पाह्य ना, इथे लिहिलं आहे. कोकरं तपासली आम्ही. दोन कळप होते."

तिने पान हातात घेतलं. खरंच लिहिलं होतं. दहा हा आकडा सांगायचा तर कोकरं तपासलेली असलीच पाहिजेत, म्हणून संजीवकाने कोकरंही आणली होती, त्यांचे दोन कळप केले होते, त्यांना चारापाणी केलं होतं. म्हाताऱ्याला ती कोकरं आता आठवत होती. एका कोकराच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, असंही त्यांनी हौसेने सांगितलं. 'ठाऊक नाही' हे वाक्य लिहिणारा माणूस समोर बसला होता, आणि ते वाक्य आता त्याच्यातही उरलं नव्हतं.

नीरजने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"मागे घेते मी," ती म्हणाली. "माझं वाक्य, ढोकण्यांचं, सगळ्यांची. सगळ्यांच्या पाया पडते. काढून टाक."

"काढतो. माझं काय जातं? आणि मग काय होईल, तूच सांग."

तिने मनात हिशेब मांडला. दहाची वाक्यं निघाली, की खाली चाळीसचीच उरणार. पान चाळीसवर जाणार. यंत्रवाले दुसऱ्या दिवशी दुहेरी चाळणी काढून ठेवणार, कारण चाळणीला खर्च येतो आणि स्रोत चाळीस म्हणतो.

"आणखी खाली आणू? एक करू? शून्य करू?"

"त्यासाठी लेखकाचं वाक्य लागेल. ढोकणे देतील?"

ते देणार नव्हते. ते आता दहावर ठाम होते.

"आणि आणखी एक आहे," नीरज जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमची वाक्यं जुनी होताहेत. भार उतरायला लागलाय, आणि संख्येने चाळीसवालेच जास्त. बाकीच्यांना आता कुठे त्याचं पडलंय? कुणी ताजं वाक्य घातलं नाही, तर वर्षभरात पान आपोआप चाळीसवर घसरेल."

शर्वरी खुर्चीत बसून राहिली. नीरजने तिच्यासाठी चहा मागवला. चहा आला, निवला, आणि पोऱ्या कप उचलून घेऊन गेला.

इराला तेव्हा तिने अकोल्यात आपल्या घरी आणून ठेवलं होतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. गेलेलं परत येणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. कानाच्या आतली नसच गेली होती, त्यामुळे कानात यंत्र बसवूनही उपयोग नव्हता. मंगेशदादा दर रविवारी येई, मुलीजवळ बसे, आणि निघताना दारात एकच प्रश्न विचारी.

"शरू, पाणी तं दहाच्या आतच हाये ना?"

"हो, दादा. आतच आहे."

"मंग असं कावून झालं व?"

त्याला तिच्यावर संशय नव्हता, हेच तिला सोसत नव्हतं. एकदा तरी तो ओरडला असता, हात उगारला असता! तो मात्र मान खाली घालून चपला घाली आणि बस पकडायला जाई. वाघोदरीत अजून पोरं होती. धाकटी, पाळण्यातली, काही पोटातली. त्यांच्या वाट्याला सातचं पाणी ठेवायचं की पस्तीसचं, एवढंच आता तिच्या हातात होतं.

अशाच एका रविवारी, दादा गेल्यावर, शर्वरीने टेबलाशी बसून लेखनयंत्र चालू केलं. हल्ली हाताने कुणी टंकत नसे. बोलायचं, यंत्र उतरवून घेई. तिने नवा लेख उघडला, घसा साफ केला आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगायला सुरुवात केली.

"ढोकणे यांच्या मते लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमपर्यंत राळकण लहान मुलांच्या श्रवणशक्तीस पूर्णपणे सुरक्षित आहेत."

इरा शेजारीच जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. आत्याचे ओठ हलताना दिसले तशी तिने वर बघितलं, हसली, आणि पुन्हा रंगवायला लागली.